सातबारा जोडून काढलेला व्हिसा: चोपड्याहून जहाज आणि मोटरहोम

परदेशी फिरायला जायचं म्हटलं की पहिली मागणी होते पगाराच्या पावतीची, दुसरी फॉर्म सोळाची आणि तिसरी रजा मंजूर झाल्याच्या पत्राची. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आम्ही चोपडा तालुक्यातले केळीवाले. रजा देणारे आम्हीच, घेणारेही आम्हीच, आणि सगळं उत्पन्न शेतीचं म्हणून इन्कम टॅक्सचं रिटर्न कधी भरलेलं नव्हतं. "शेतकऱ्याला व्हिसा देत नाहीत" हे लग्नाच्या मांडवात मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की तसंच असावं असं वाटायचं. तसं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं सिडनीहून जहाजाने न्यूझीलंडला गेलो आणि तिथलं दक्षिण बेट मोटरहोमने, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीने, फिरून आलो. कोणता कागद कुठे लागला, कुठे थांबावं लागलं, पैसे कशात गेले, ते सगळं सलग लिहिते आहे. आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा शेतकऱ्याच्या घरातून कुणी लिहिलेलं काही हाती लागलं नव्हतं.

ठरलं ते २०२४ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल त्याच दिवशी लागतं, त्यामुळे हिशेबाच्या वह्या उघड्याच होत्या. आदल्या वर्षी पिलबागेचा (जुन्या केळीच्या फुटव्यांवर धरलेल्या बागेचा) माल बऱ्या भावाने गेलेला, मुलीचं लग्न झालेलं, सोसायटीचं कर्ज फिटलेलं. हे म्हणाले, "गुडघे साथ देताहेत तोवर एकदा समुद्रातून जाऊ. आणि पुढे आपली आपण गाडी चालवत फिरू, झेंड्यामागे पळायचं नाही." मला दुसरा भाग जास्त पटला, कारण गाडी मीही चालवते. न्यूझीलंड निवडलं ते तिथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे म्हणून. शिवाय फेब्रुवारीत तिथे उन्हाळा असतो आणि आमच्या हरभऱ्याची काढणी सालदार एकटा उरकू शकतो.

पासपोर्टपासून सुरुवात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन अर्ज केला, माणशी १५०० रुपये, आणि जळगावच्या पोस्टातल्या केंद्राची तारीख घेतली. यांच्या जन्माचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चालला. माझ्या बाबतीत नावाचा प्रश्न आला. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही, आणि एका बँक खात्यावर अजून माहेरचं आडनाव. पासपोर्ट आधारप्रमाणे काढला, बँकेतलं नाव बदलून घेतलं, आणि सातबाऱ्यावरची व्यक्ती मीच असं प्रतिज्ञापत्र तहसिलीत करून ठेवलं. ते पुढे दोन्ही व्हिसांना जोडावं लागलं. आमच्या भागातल्या बायकांनी हे काम सगळ्यात आधी करावं, कारण त्याला वेळ लागतो आणि ऐनवेळी तेच अडतं. चोपडा पोलीस ठाण्यात चौकशी झाली आणि जून संपता संपता स्पीड पोस्टाने दोन्ही पासपोर्ट घरी आले.

जुलैत नाशिकच्या एका एजंटमार्फत जहाज आणि मोटरहोम ठरवलं. विमानाची तिकिटं आम्ही वेगळी काढली. त्यामागे हिशेब होता. परदेशी सहलीचं पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलं की तो टीसीएस, म्हणजे विकतानाच घ्यायचा आगाऊ इन्कम टॅक्स, कापतो. आमच्या वेळी माणशी वर्षाला सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर वीस टक्के असा दर होता. एप्रिल २०२५ मध्ये ही सात लाखांची मर्यादा दहा लाखांवर गेली. नुसतं विमानाचं तिकीट पॅकेजमध्ये मोडत नाही, म्हणून ते बाहेर ठेवलं. आणि बिल एकट्या यांच्या नावावर न करता दोघांच्या पॅनवर अर्धं अर्धं करून घेतलं. जहाजाची आतली, खिडकी नसलेली केबिन घेतली, कर धरून माणशी सव्वा लाखाच्या थोडं वर. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागून घेतली, कारण तिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात. शाकाहारी जेवण हवं हेही तेव्हाच लिहून दिलं.

मोटरहोम कंपनीची एक अट वाचून मात्र हे गप्प झाले. गाडी ताब्यात घेताना चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड चालत नाही. आमच्याकडे क्रेडिट कार्ड कधी नव्हतं, आणि पगार नाही म्हटल्यावर बँकाही सहज देत नाहीत. मुलीने पुण्याहून फोनवर उपाय सांगितला. बँकेत मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यायचं. उत्पन्नाचा कागद लागत नाही, ठेवीवर व्याजही चालू राहतं. ऑगस्टमध्ये कार्ड आलं आणि परदेशातल्या वापराची सोय ॲपमधून सुरू करून घेतली. नोकरी नसलेल्या कुणालाही हा मार्ग खुला आहे, आणि त्याला दोन-तीन महिने आधी हात घालावा.

आता व्हिसा. जहाजाने जाऊन त्याच जहाजाने परत निघणाऱ्याला न्यूझीलंडसाठी ऑनलाइन परवानगी पुरते, त्याचा देश कोणताही असो. आम्ही ऑकलंडला उतरून पुढे राहणार होतो, म्हणून आम्हाला पूर्ण व्हिजिटर व्हिसा लागला. सिडनीसाठी ऑस्ट्रेलियाचा वेगळा, सबक्लास ६००, तेव्हा फी १९५ ऑस्ट्रेलियन डॉलर. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०२४ पासून व्हिसाची फी वाढवली आणि पर्यटकांवरचा कर ३५ वरून १०० डॉलर केला. तेव्हा तिथला एक डॉलर पन्नास रुपयांच्या आतबाहेर होता.

कागद जमवायला सप्टेंबर-ऑक्टोबर गेले. न्यूझीलंडचा नियम असा की माणशी महिन्याला १००० डॉलर खर्चाची ऐपत दाखवायची, राहण्याचे पैसे आधी भरलेले असतील तर ४००. म्हणजे रक्कम अवाढव्य नाही. अडचण रकमेची नसतेच. आमच्या पासबुकात चार महिने काही येत नाही, मग एकाच आठवड्यात तीन-चार मोठ्या रकमा जमा होतात. मुंबई-पुण्यात पगारदाराच्या फायली पाहणाऱ्या एजंटला हे पासबुक बघून शंका येते, तर परदेशातल्या अधिकाऱ्याला का येऊ नये? मग आम्ही जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून बसलो. केळीच्या प्रत्येक पट्टीवर, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेल्या विक्रीच्या पावतीवर, तारीख, वजन, भाव आणि रक्कम असते. हे पट्टीवर पेन्सिलीने आकडा टाकायचे, एक, दोन, तीन, आणि मी बँकेच्या उताऱ्यात त्या पट्टीची जमा शोधून तिच्यापुढे तोच आकडा घालायची. एका पट्टीचे पैसे दोन हप्त्यांत आले होते, तिला 'चार अ' आणि 'चार ब' केलं. दोन रात्रींत वर्षभराचा माल आणि वर्षभराचा पैसा एकमेकांशी जुळला. केळी वर्षभरात कधी लावतात, कधी कापतात, पैसा कधी येतो, असं एक पानभर सोप्या इंग्रजीत मुलीकडून लिहून घेतलं. माझं ठाम मत आहे की आमचा व्हिसा त्या एका पानावर झाला.

बाकीचे कागद असे. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांना एक मिळतो, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. त्याच्यासोबत आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सहा महिन्यांचे बँक उतारे, मुदत ठेवींच्या पावत्या. किसान क्रेडिट कार्डाचं खाते उणे दिसतं, म्हणून दरवर्षी मार्चअखेर ते भरल्याच्या नोंदी जोडल्या. परत येण्याचं कारण म्हणून ठिबक अंथरलेल्या उभ्या बागेचे फोटो, आणि आमच्या माघारी शेत कोण पाहणार याचं पत्र. १७ जून २०२४ पासून न्यूझीलंडला व्हिजिटर व्हिसाच्या प्रत्येक परभाषेतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर द्यावंच लागतं, आणि ते अर्जदाराने किंवा नात्यातल्या माणसाने केलेलं चालत नाही. जळगावला पानाला साडेतीनशे रुपये देऊन करून घेतलं. भाषांतरकाराला गट नंबर, हेक्टर-आर, पोटखराबा हे शब्द समोर बसून समजावून द्या. आमच्या पहिल्या प्रतीत हेक्टर आणि आर एका आकड्यात आले होते, ते पुन्हा करून घेतलं. आणि एक कळकळीची सूचना: अर्जाआधी पासबुक फुगवायला भाऊबंदांचे पैसे खात्यात घेऊ नका. नेमक्या त्याच नोंदीवर प्रश्न येतो.

४ नोव्हेंबरला न्यूझीलंडचा अर्ज ऑनलाइन भरला, त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाचा. जहाजाची उरलेली रक्कमही तेव्हाच भरायची होती, निघण्याच्या नव्वद दिवस आधी. हाती व्हिसा नाही आणि पैसे मात्र पूर्ण गेलेले, असे ते दिवस. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पंधरवड्यात आला. न्यूझीलंडकडून नोव्हेंबरअखेर मेल आला की एका मोठ्या जमेचा खुलासा सात दिवसांत करा. ती ठेव मोडल्याची रक्कम होती. बँकेचं पत्र त्याच दुपारी शाखेतून आणून जोडलं. मग पुन्हा शांतता. मी रोज सकाळी देवपूजेआधी मेल बघायची. हे बघत नव्हते, पण चहा पिता पिता माझ्या चेहऱ्याकडे पाहायचे. ११ डिसेंबरला दोघांचे व्हिसा आले.

व्हिसा आणि तिकीट हातात आल्यावरच आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटचा अर्ज करता येतो, म्हणून ते शेवटी. सारथी पोर्टलवर अर्ज, फी १००० रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि डॉक्टरांचा फॉर्म १-अ. जळगाव आरटीओतून चार दिवसांनी दोन्ही परमिटं आणली. मुदत एक वर्षाची. न्यूझीलंडच्या कायद्याने इंग्रजीतलं लायसन्स पुरतं, पण गाडीच्या कंपनीने परमिट मागितलं होतं. मला परमिट काढायला बघून खिडकीपाशी एकाने विचारलं, "ताई, गाडी तुम्ही चालवणार?" मी हो म्हटलं.

विमा घेताना त्यात क्रूझचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्या. साध्या प्रवासी विम्यात तो असेलच असं नाही. गोळ्या-औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात. बॅगा भरताना शेजारच्या आजी येऊन बसल्या होत्या. मोटरहोमचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "माय व, त्या गाडीमाच संडास शे का?"

खाण्याच्या वस्तूंबद्दल विस्ताराने लिहायला हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्ही देशांत लाळ्या-खुरकूत नाही. ज्याने गोठ्यात तो रोग पाहिला आहे त्याला त्यांची भीती समजावून सांगावी लागत नाही. बी-बियाणं, फळं, मध, तूप, दुधाचे पदार्थ यांतलं काहीच आम्ही घेतलं नाही. घरचा काळा मसाला डब्यात तसाच ठेवला आणि दुकानातली छापील नावाची बंद पाकिटं घेतली. जे काही खाण्याचं आहे ते फॉर्मवर लिहायचं, शंका असली तरी लिहायचं. न्यूझीलंडमध्ये न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. लिहिलेलं असेल तर फार तर ते काढून घेतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईहून सिंगापूरमार्गे सिडनीला उतरलो. विमानात दिलेल्या कार्डावर प्रश्न होता: गेल्या तीस दिवसांत शेतावर गेलात का, जनावरांशी संबंध आला का. आम्ही 'हो' वर खूण केली, त्यामुळे आम्हाला वेगळ्या रांगेत नेलं. अधिकारी बाईंनी यांचे बूट मागितले, उलटे केले, तळव्याच्या खाचांतून बोट फिरवलं. निघण्याआधी यांनी ते बूट ब्रशने घासून उन्हात वाळवले होते, तरी एका खाचेत काळ्या मातीचा गव्हाएवढा खडा निघाला. बाईंनी तो काढला, बुटांवर औषध फवारलं, पुसून परत दिले आणि विचारलं, "काय पिकवता?" "केळी," हे म्हणाले. "किती झाडं?" असा पुढचा प्रश्न आला. दहा मिनिटं गेली असतील. खरं सांगितलं की ही रांग मुळीच भयंकर नाही.

सिडनीत दोन दिवस हातात ठेवले होते. जहाज थांबत नाही आणि विमानं उशिरा येतात, म्हणून आदल्या दिवशी तरी बंदराच्या गावात असावं. सर्क्युलर क्वेचं धक्क्याचं टर्मिनल हार्बर ब्रिजच्या पायथ्याशीच आहे, समोर ऑपेरा हाउस. बॅगांना नंबराच्या चिठ्ठ्या लावून त्या खाली द्यायच्या, त्या संध्याकाळी केबिनच्या दारात येतात. म्हणून औषधं, कागद आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. न्यूझीलंडचा ट्रॅव्हलर डिक्लेरेशनचा फॉर्म ऑनलाइन आणि फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जहाज सुटण्याआधी प्रत्येकाला आपली संकटकाळची जागा पाहून यावी लागते. तिथे गेल्याची कार्डावर नोंद होते, आणि ती टाळता येत नाही.

जहाजावर रोखीचे व्यवहार नाहीत, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. सेवेचा आकार आमच्या जहाजावर माणशी रोज सोळा-सतरा अमेरिकी डॉलर होता, तो खर्चात आधीच धरावा. मोबाईल जहाजात पाय ठेवताच विमान मोडवर टाका, कारण भर समुद्रात तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल हजारांत येतं. घरच्यांना आम्ही सांगून ठेवलं होतं की बंदर येईल तेव्हा फोन करू.

टास्मान समुद्राचं नाव ऐकून होते. दुसऱ्या रात्री तो जाणवला. हँगर कपाटात आपटत होते, जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली होती, यांनी आलेपाक चघळला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघंही जेवायला टेबलावर होतो. शाकाहारी सांगितलेलं असल्याने वाढपी रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं विचारून जायचा. डाळ-भात रोज मिळाला. तिखट मात्र आपलं आपण न्यावं.

मिलफर्ड साउंडला सकाळी पोचलो तेव्हा पाऊस होता. मी खट्टू झाले, पण वरच्या डेकवरच्या एका न्यूझीलंडच्या आजोबांनी सांगितलं की पाऊस नसता तर यातले निम्मे धबधबे दिसलेच नसते. दोन्ही बाजूंना सरळ पाण्यातून उठलेले कडे आणि त्यांवरून शेकडो पांढऱ्या धारा. आतल्या केबिनीत पैसे वाचवल्याचं इथे काही वाटलं नाही, कारण सगळं जहाज डेकवरच होतं. त्या भागात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे सातशेच्या आसपास. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एवढं पाणी सरळ समुद्रात जातं." ज्याने बोअरचं पाणी आटताना पाहिलं आहे त्याच्या मनात दुसरं काय येणार?

पोर्ट चाल्मर्सला उतरून ड्युनेडिन पाहिलं, पुढे वेलिंग्टन आणि टॉरंगा. जहाजातलं फळ किंवा सँडविच किनाऱ्यावर नेता येत नाही, उतरताना वास घेणारे कुत्रे असतात. बंदरांवरच्या सहली जहाजाकडून महाग पडतात. आम्ही गावातल्या बसने फिरलो आणि जहाज सुटण्याच्या दोन तास आधी परत आलो. ऑकलंडला उतरलो, त्याच संध्याकाळी विमानाने क्राइस्टचर्च.

मोटरहोम दोन माणसांचं घेतलं होतं, आत संडास-न्हाणी असलेलं, डिझेलवर चालणारं, ऑटोमॅटिक. भाडं रोज सव्वादोनशे डॉलरच्या आसपास. नुकसान झालं तर साडेसात हजार डॉलरपर्यंत आमची जबाबदारी होती. ती कमी करायला रोजचे वेगळे पैसे भरले आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही, त्यामुळे रात्री झोप लागली. छताचं आणि पोटाखालचं नुकसान आमच्या करारात तरीही बसत नव्हतं, म्हणून गाडीची उंची समोर चिठ्ठीवर लिहून चिकटवली. ताबा घेताना चारही बाजूंचा, टपाचा, टायरचा व्हिडिओ काढला. दाखवणाऱ्या मुलाने दोन झाकणं मुद्दाम उघडून दाखवली, डिझेलचं आणि पिण्याच्या पाण्याचं. दोन्ही एकाच बाजूला असतात, आणि पाण्याच्या टाकीत डिझेल ओतणारे पर्यटक त्याने पाहिले होते. डिझेल गाडीवर किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा करही लागतो, तो शेवटी हिशेबात येतो, आम्हाला शंभर किलोमीटरला आठ-नऊ डॉलर पडला.

चालवणं सोपं गेलं. यांनी आयुष्यभर ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा घेतला आहे, मागे घ्यायचं काम त्यांच्याकडे. सरळ रस्त्यावर मी. खुल्या रस्त्यावर ताशी १०० ची मर्यादा आहे, आम्ही ऐंशी-नव्वदने जायचो आणि मागे गाड्या साठल्या की बाजूच्या पट्टीत थांबून त्यांना वाट द्यायचो. एकपदरी पूल पुष्कळ आहेत. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं, पण पहिल्या पुलाआधी वाचलेलं असावं.

मुक्काम दोन तऱ्हेचे केले. हॉलिडे पार्कमध्ये विजेची जोडणी, गरम पाणी, मोठं स्वयंपाकघर, दोघांचे साठ-सत्तर डॉलर. सरकारी कॅम्पच्या जागी माणशी पंधरा-वीस. कुठेही रस्त्याकडेला थांबून झोपता येत नाही. जिथे परवानगी आहे तिथेही बहुतेक जागी गाडीला सेल्फ कन्टेन्ड (संडास आणि पाण्याची सोय गाडीतच असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, नाहीतर दंड ४०० डॉलरपासून पुढे. गाडी भाड्याने घेताना ते विचारून घ्या.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर: हो, गाडीतच असतो. त्याच्याखाली एक पेटी असते, ती दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी आपल्या हाताने रिकामी करायची, धुवायची, औषध घालून परत बसवायची. पहिल्यांदा यांनी हातमोजे घालून ते केलं. शेजारच्या गाडीतून उतरलेला माणूसही तेच करत होता, त्याच्यानंतर एक म्हाताऱ्या बाई. आपल्याकडे हे काम पिढ्यान्पिढ्या कुणाच्या माथी मारलं गेलं ते आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. "प्रत्येकाने आपलं आपण करायचं, यात काय एवढं?" हे हात धुताना म्हणाले. दुसऱ्या वेळी मी केलं. दहा मिनिटांचं काम आहे.

क्राइस्टचर्चहून टेकापो तीन तास. तिथलं पाणी निळ्या दुधासारखं दिसतं, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे. हा परिसर २०१२ पासून काळोखासाठी राखीव आहे, रात्री दिवे झाकलेले असतात. उत्तरेकडे तोंड करून पाहिलं तर आपलं मृग नक्षत्र उलटं दिसतं. मृगावर पेरणी धरणाऱ्या माणसाला ते पाहून काय वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. आम्ही थंडीत बराच वेळ उभे होतो. पुढे माउंट कुक, लिंडिस खिंडीतून वानाका, तिथून हास्टमार्गे पश्चिम किनारा. वानाकाला डिझेल भरूनच निघा, पुढे पंप विरळ आणि महाग. फोनला रेंज बराच वेळ नसते, नकाशे आधी उतरवून ठेवा. पश्चिम किनाऱ्यावरच्या चावऱ्या माश्यांसाठी तिथलंच मलम घ्या, आपलं चालत नाही.

वानाकाच्या दुकानात केळी पाहिली, इक्वेडोरची, किलोला साडेतीन डॉलरच्या आसपास. हे फणी हातात घेऊन देठ, कडा, रंग बघत राहिले. आपल्याकडचा बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला भाव आठवून आम्ही दोघांनी मनात गुणाकार केला. त्याच दुकानातून वांगी घेतली, आपल्यासारखी हिरवी-पांढरी नाहीत, काळी, मोठाली. गाडीत भाजली असती तर धुराचा अलार्म वाजला असता, आणि उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करायला बंदी असते. पार्कच्या स्वयंपाकघराबाहेर गॅसची शेगडी होती, तिच्यावर यांनी वांगी उलटीपालटी करून साल करपेपर्यंत भाजली. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं तिथेच मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याने एक घास घेतला, मग वाटी पुढे केली.

आर्थर्स पास ओलांडताना थांबलो तर किया पोपट गाडीच्या खिडकीचं रबर उचकटू लागले. त्यांना खायला घालू नका, गाडी सोडून लांब जाऊ नका. दुसऱ्या दिवशी क्राइस्टचर्चला गाडी परत केली. डिझेल भरून, टाक्या रिकाम्या करून, झाडून. तपासणी वीस मिनिटांत झाली. कार्डावर रोखलेली रक्कम दहा दिवसांनी मोकळी झाली.

दोघांचा मिळून खर्च साधारण असा आला: जहाज आणि सिडनी तीन लाखांच्या घरात, विमानं सव्वादोन, मोटरहोम, डिझेल आणि मुक्काम दोन, बाकी व्हिसा, विमा, खाणं.

टीसीएसचे वीस हजारांच्या वर कापले गेले होते. शेतकऱ्यांनी हे पैसे सोडून देऊ नयेत. एजंटकडून दोघांच्या नावाचं टीसीएस कापल्याचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी २७-डी) मागून घ्यायचं आणि इन्कम टॅक्स खात्याच्या आपल्या नावावरच्या उताऱ्यात (आमच्या वेळी २६-एएस) ती रक्कम दिसते का ते पाहायचं. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावं लागतं आणि त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवायचं. मीही माझं वेगळं भरलं. ऑगस्टमध्ये रिटर्न गेलं, सप्टेंबरात दोघांच्या खात्यात परतावा जमा झाला. त्या रिटर्नच्या प्रती आता फायलीत सातबाऱ्याच्या मागे लावून ठेवल्या आहेत, पुढच्या व्हिसाला जोडता येतील.